माझा अर्थपूर्ण हुरडा

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहाचा घोट तोंडात असताना नको. मागे हा किस्सा सांगत होते तेव्हा शेजारच्या काकूंच्या नाकातून चहा आला, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. तसं माझ्या डोक्यावर खापर फुटायला फार काही लागत नाही म्हणा!

गाढवपणा करायचा तर तो साधासुधा कशाला करावा? बी.ए. झालेल्या, मासिकं वाचणाऱ्या, मुलीला उकळून गार केलेलं पाणी पाजणाऱ्या बाईला शोभेल असा करावा. मी अगदी तसाच केला. एका रविवारी, शुद्ध मनाने, फुगे फुगवून, मी माझं सासर मोडायला काढलं.

थांबा, नीट सांगते.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार. आम्ही राहुरीत दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे हायस्कुलात मास्तर, आणि मनू, आमची लेक, अडीच वर्षांची. सासर तिथून जवळच, कालव्याकाठच्या मळ्यात. सासरे, म्हणजे अण्णा. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. थोरले दीर दादा आणि थोरल्या जाऊबाई अक्का. एकुलती नणंद मंगलताई, ती काष्टीला दिलेली. शेती सगळी एकत्र. कष्ट दादा-अक्कांचे, आणि आमचं योगदान म्हणाल तर सणाला जायचं आणि येताना ज्वारीचं पोतं आणायचं. ते उचलून एसटीच्या टपावर टाकायचंसुद्धा दादांनीच.

आता आमच्या या सणावाराच्या भेटी कशा असायच्या? पुरुष ओसरीवर बसायचे.

"उसाला तोड आली का?"

"न्हाई."

मग बराच वेळ सगळे मिळून त्या 'न्हाई'कडे बघत बसायचे. बायका चुलीपुढे. "मीठ दे", "परात सरकव", "पोरगं बघ, चुलीत जाईल." मग जेवणं. मग पुरुष घोरणार. मग कुणीतरी पत्र्यावर चढून टीव्हीचा अँटेना फिरवणार आणि बाकीचे खालून ओरडणार, "आलं... गेलं... आलं!" आणि निघायची वेळ झाली की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. दिवसभर ज्या माणसाशी एक धड वाक्य बोललो नाही, त्याच्या गळ्यात पडून एसटी येईपर्यंत रडायचं, अशी आमची पद्धत.

मला ते काही पटेना. खरं कारण सांगू? त्या घरात मी चार वर्षं 'नगरची' होते. ताट वाढताना 'नगरचीला भाकरी जमत न्हाई, चपाती द्या' आणि झोपताना 'नगरचीला गादी द्या'. मला एकदा तरी त्यांच्यातली म्हणून त्यांच्यात बसायचं होतं.

त्यात एका मासिकात लेख वाचला. 'भेटीगाठी अर्थपूर्ण कशा कराव्यात.' लेखिकेला सासू नसावी, किंवा असली तर तीही मासिकं वाचणारी असावी. बाई लिहीत होत्या, सगळ्यांनी गोल बसावं. वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलेलं एकेकाने मोकळेपणी बोलावं. घरातली एखादी जुनी वस्तू मध्ये ठेवून तिची आठवण सांगावी. मी वाचून इतकी भारावले की गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी मला राग आला नाही. जानेवारी होता, ज्वारी हुरड्यात आली होती. मुहूर्तच की! मळ्यात हुरडा करायचा, पण अर्थपूर्ण.

मळ्यात जाऊन आधी अक्कांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"अक्का, पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसायचं. मंगलताईंनाही बोलावायचं. ज्याच्या मनात जे आहे ते मोकळं करून टाकू या. किती वर्षं दाबून ठेवायचं?"

अक्कांचा हात थांबला.

"आणि घरातल्या जुन्या वस्तू बाहेर काढा," मी उत्साहात म्हणाले. "हंडा, घंगाळ, काय असेल ते."

"भावजी बोलले का हे?"

"छे! त्यांना कुठलं सुचतंय? कल्पना माझीच!"

हे मी छाती पुढे काढून सांगितलं. तव्यावरची भाकरी जळाली. अक्कांची भाकरी जळालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि मला वाटलं, बिचारी भारावली!

मग राहुरीच्या एसटीडी बूथवरून काष्टीला फोन. मंगलताईंच्या शेजारी फोन होता, त्यांना बोलावून आणलं.

"ताई, रविवारी यायलाच पाहिजे. दाजींनाही आणा. तुमच्याशिवाय होणारच नाही."

पलीकडे नुसती खरखर.

"आन्नाला ठावं हाय का?"

"त्यांच्यासमोरच तर करायचंय!"

"बरं," त्या म्हणाल्या. "यीन. मी कुनाच्या आडवी येनारी न्हाई, वैशाली."

किती समजूतदार नणंद, म्हणत मी बूथवाल्याला पैसे दिले.

तुमच्यापैकी जे शेतीवाडीच्या घरातले आहेत, त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांना सांगते, मला नंतर कळलं ते. लग्न नाही, दहावा नाही, जत्रा नाही, आणि तरी सगळं घर गोळा करायचं, भांडीकुंडी बाहेर काढायची, आणि सासरी दिलेल्या लेकीला 'तुझ्याशिवाय होणार नाही' असा निरोप धाडायचा, हे आमच्याकडे एकाच कारणासाठी करतात. वाटणीसाठी! लेकीचा जमिनीत हक्क असतो, तो सोडल्याची तिची सही लागते. आणि वाटणीचा विषय काढायचा मान परंपरेने कुणाचा? वेगळ्या चुलीवर राहणाऱ्या, शिकलेल्या, धाकट्या सुनेचा. चार वर्षं सगळं घर वाटच बघत होतं, ही नगरची कधी तोंड उघडते याची.

मला हे कसं कळावं? मी नगरच्या कारकुनाची मुलगी. आमच्या घरी वाटायला एक सायकल होती, तीही पंक्चर.

दादांनी खात्री करायला म्हणून बाजारात ह्यांना गाठलं. "परकास, रविवारचं तुझं बी तेच म्हननं हाय का?" ह्यांना वाटलं हुरडा. "हो दादा. एकदाचं होऊन जाऊ दे. किती दिवस नुसतं बोलतोय आपण." झालं! दादा भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी गेले.

रविवार उजाडला. मी काय काय घेतलं होतं? फुगे, टेपरेकॉर्डर, सनईची कॅसेट, मनूचा लाल चेंडू, मनूचं उकळलेलं पाणी, मनूच्या कानटोप्या, तापाचं औषध आणि उलटीचं औषध.

"हुरड्याला चाललोय का बदली झालीय माझी?" हे म्हणाले.

मळ्यात शिरलो आणि मी जागीच उभी राहिले. अंगणात हंडे, कळश्या, घंगाळ, पितळी डबे, पराती, दोन रांगांत मांडलेल्या. इकडे एक हंडा, तिकडे एक हंडा. इकडे परात, तिकडे परात. जातं एकच होतं, ते बरोब्बर मधोमध.

"बघा!" मी ह्यांना कोपर मारलं. "मी जुन्या वस्तू म्हटलं होतं, यांनी सगळं घर काढलं बाहेर! तुम्ही म्हणत होता ना, यांना असलं आवडायचं नाही?"

"कल्हईवाला आलाय वाटतं," हे म्हणाले आणि सावली शोधायला गेले.

लिंबाखाली गावातले गुलाबतात्या बसले होते, बरोबर आणखी दोन म्हातारे, पांढऱ्या टोप्या कडक इस्त्रीच्या. हे गावचे पंच. मला वाटलं, अण्णांनी मित्रांनाही हुरड्याला बोलावलंय. मी तिघांच्या हातात एकेक फुगा दिला. त्यांनी तो घेतला. पंच माणसं, आलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? अण्णा फेटा बांधून, काळा कोट घालून खाटेवर. दाजी गोठ्यापाशी तंबाखू मळत.

"दाजी, इकडे या ना, तुम्हीही आहात!"

"मला न्हाई बा. जावयानं ह्याच्यात पडू नये."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. डोळे लालभडक.

"आगटीचा धूर गेला का हो डोळ्यांत?"

"आगटी आजून पेटवली न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

एवढ्यावर कुणाही शहाण्या बाईला शंका आली असती. मला आली नाही. मी फुगे बांधत होते.

मंगलताईंनी पिशवीतून एक छोटी पितळी कळशी काढली, त्यांना लग्नात दिलेली. ती रांगेत ठेवत म्हणाल्या, "ही बी धरा. माज्यामुळं कुनाला कमी पडाया नको." मला गहिवरून आलं. लेखात लिहिलं होतं तसंच चाललं होतं सगळं, अगदी ओळीने!

सगळ्यांना गोल बसवलं. खेळ समजावून सांगितला. सनई वाजेल, चेंडू फिरेल. सनई थांबली की ज्याच्या हाती चेंडू त्यानं मनातलं बोलायचं, आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

गुलाबतात्यांनी चेंडू उलटासुलटा करून पाहिला. "हे सरकारनं नवीन काढलं का?"

"नाही तात्या, पण शास्त्रशुद्ध आहे. यात कुणावर अन्याय होत नाही."

"ब्येस हाय. आमच्या बैठकीत धा जन येकदम वरडत्यात."

सनई सुरू. वाटणीला बसलेलं घर, मध्ये जातं, आणि लग्नाची सनई! थांबली तेव्हा चेंडू दादांच्या हातात. दादा चेंडूकडे बघत म्हणाले, "माजं येवढंच म्हननं हाय. इहिरीचं पानी निम्मं निम्मं. आन् बांधावरचा आंबा दोगांचा. त्यो तोडायचा न्हाई."

"किती सुंदर!" मी म्हणाले. "टाळ्या!"

टाळ्या फक्त मनूने वाजवल्या.

पुन्हा सनई. चेंडू ह्यांच्याकडे. हे अर्धवट पेंगत होते. "मला काय, दादा जे देईल ते," म्हणाले. "भाजलेलं असो, कच्चं असो." ह्यांना कणसं म्हणायची होती. पण दादांनी उपरण्याने डोळे टिपले, आणि गुलाबतात्या बाकीच्या दोघांना म्हणाले, "ह्याला म्हंत्यात भाऊ!"

मग अक्का.

"मी बारा वर्सांत बोलले न्हाई," अक्का म्हणाल्या. "ही मानसं सनाला येत्यात. 'आक्का, तुमच्या हातची भाकरी काय ती!' म्हंत्यात. गोड लागती ना? मंग दळनाचा डबा घेऊन माज्यासंगं गिरनीत कदी कोन आलं? येकदा तरी?"

'ही माणसं' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. माझे कान तापले. पण लेखात लिहिलं होतं, मोकळेपणाचं स्वागत करा. मी केलं. "छान, अक्का. असंच बोला," म्हणाले. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेपरेकॉर्डरची बटणं पुसायला लागले.

मंगलताईंनी तर सनई थांबायची वाटच पाहिली नाही. चेंडू हिसकून म्हणाल्या, "मला कायबी नको. दिवाळीला चार दिस यायला येक दार उघडं ऱ्हाऊ द्या, बास. कुठं सही करायची दावा, मला चारची येष्टी गाठायची हाय."

"सही कशाला ताई? बोललात यातच सगळं आलं."

लिंबाखाली एकदम खोकल्याची साथ आली. मग गुलाबतात्या पुढे सरकले. "सहीचं बघू मागनं. ऱ्हायला म्हातारा-म्हातारीचा इषय. म्हातारा थोरल्याकडं, म्हातारी धाकल्याकडं. रीतच हाय."

आणि मी काय म्हणाले असेन?

"हो तात्या, चालेल की! पुढच्या खेळाला दोन संघ करायचेच आहेत!"

आत्याबाई उठल्या. कुणी दिला नव्हता, तरी त्यांनी मंगलताईंच्या मांडीवरचा चेंडू उचलला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "मनूला मी सांबाळीन. तू म्हनशील तसं पानी उकळून दीन. पन यांना हितं ठिवून मला राहुरीला न्येऊ नगं. यांना खोकल्याची उबळ आली का पाठीवर कुठं हात फिरवायचा, ते माज्याबिगर कुनाला ठावं न्हाई. जमीन घ्या, भांडी घ्या. आमाला दोगांला येका चुलीवर ऱ्हाऊ दे."

तेव्हा, अहो तेव्हा कुठे, माझ्या बी.ए. डोक्यात प्रकाश पडला! दोन रांगा. मधोमध जातं. अण्णांचा कोट. सही. मी टेप बंद करायला गेले आणि घाबरून भलतंच बटण दाबलं. सनई जोरात सुरू झाली.

"वाटणी?" मी सनईवरून ओरडले. "कुणी सांगितली वाटणी?"

"तूच की!" अक्का म्हणाल्या.

"मी हुरडा म्हटलं होतं!"

"हुरड्याचं नाव बी काढलं न्हाईस! मनातलं मोकळं करा म्हनलीस, भांडी भाईर काढा म्हनलीस!"

खरंच की! हुरडा तर मी गृहीतच धरला होता.

"भांडी आठवणी सांगायला हवी होती!" मी रडकुंडीला आले.

"भांड्याच्या आठवनी?" दादा म्हणाले. "भांड्याच्या कसल्या आठवनी आसत्यात?"

"आणि मला वाटलं कल्हई," हे म्हणाले. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा हे माझ्याकडे बघायला लागले. माझा संसार!

मी रडायलाच लागले. मला वेगळं व्हायचं नव्हतं, आत्याबाईंना कुठे न्यायचं नव्हतं, मला नुसतं तुमच्यात बसायचं होतं, असं काहीबाही हुंदक्यांतून बोलले. कुणाला किती कळलं देव जाणे. सनई चालूच होती.

मग सकाळपासून एक शब्द न बोललेले अण्णा म्हणाले, "म्हंजी वाटनी न्हाई?"

"नाही अण्णा. शप्पथ."

"आरं मंग मी ह्यो कोट कशापायी घातला? सकाळधरनं घामानं भिजलोय!"

आधी आत्याबाई हसल्या. रडता रडता हसल्या, पदर तोंडात कोंबून. मग मंगलताई. मग दादा असे हसले की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. गुलाबतात्यांच्या हातातला फुगा फुटला, आणि दोघे म्हातारे दचकून एकमेकांच्या अंगावर.

आगटी पेटली. कणसं भाजली, हुरडा चोळला, लसणाची चटणी, गूळ, दही. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी ती माणसं बोलली! "तू खरंच आंबा तोडू देनार न्हवतास व्हय रं?" "ती कळशी घेऊन आली, येडी!" त्या मोठ्या हंड्यात लहानपणी ह्यांना बसवून दादांनी कालव्यात सोडलं होतं, हेही निघालं. भांड्यांच्या सगळ्या आठवणी निघाल्या. मंगलताईंची चारची एसटी गेली, त्या राहिल्या. आत्याबाईंनी अण्णांच्या खोकल्याची नक्कल केली आणि अण्णांनी ती करू दिली. इतकी अर्थपूर्ण भेट मी आजवर पाहिली नाही.

त्या दिवशीही पाहिली नाही म्हणा, नुसती ऐकली. कारण अक्कांनी मला हाक मारली होती.

"वैशाले, बोलून झालं ना सगळ्यांचं? आता भांडी आत कोन न्येनार?"

मी! एकेक हंडा, एकेक परात. दोन रांगा, त्याही समसमान. बाहेर हसण्याचे फवारे उडत होते आणि मी माळ्याखाली घंगाळ सरकवत होते. मध्ये एकदा आत्याबाई आल्या, माझ्या हातावर भाजलेल्या हुरड्याची मूठ ठेवली, आणि "खा गं, येडे" म्हणून गेल्या. नगरचीला कुणी कधी येडी म्हटलं नव्हतं. असल्या शिव्या घरच्यांसाठी राखीव असतात. तेव्हापासून मळ्यात गेलं की दळणाचा डबा माझ्या डोक्यावर, आणि गिरणीच्या वाटेवर अक्का पुढे.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभराने आमच्या दोन खोल्यांच्या दारात गुलाबतात्या उभे. मागे दोन भाऊ, दोन दिशांना तोंडं करून.

"सूनबाई, हे शेजारच्या गावचे. सा वर्सं वाटनी अडलीया. म्हनलं, राहुरीला चला. आमची सूनबाई बैठक बसवती, कोन कुनावर वरडत न्हाई, आन् शेवटाला समदे हसत हुरडा खात्यात."

"अहो तात्या, तो खेळ होता! मी घरं मोडत नाही. मला माणसं एकत्र आणायची होती!"

"मंग आनलीस की," तात्या म्हणाले. "हे दोगं आज सा वर्सांनी येका येष्टीतनं आले."

मी दोघांकडे पाहिलं. थोरल्याने तोंड आणखी तिकडे वळवलं. धाकट्याने पिशवीतून भेट म्हणून आणलेली हुरड्याची कणसं हळूच माझ्या ओट्यावर ठेवली.

आता तुम्हीच सांगा, शहाण्या बाईने काय करावं? हात जोडावेत, दार लावावं आणि पुन्हा मासिक म्हणून हातात धरू नये. मी चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली, आणि आतून माझाच आवाज मला ऐकू आला:

"तात्या, रविवार चालेल का?"